वासखाऊ

रोडपाली, कळंबोली
रविवार, २३ नोव्हेंबर २०२५

चि. दत्तूस,

ताईचे आशीर्वाद. पत्राच्या सुरुवातीला आणखी बरंच काही लिहितात, शाळेत घोकून घेतलं होतं, पण मला एवढंच आठवतंय. तू बरा असशीलच. मामाच्या घरात कोणी उपाशी राहिल्याचं ऐकलेलं नाही.

तुझा फोन बंद. मामाच्या फोनवर केला तर मामा म्हणाला, "तो बोलत नाय म्हनतो तुझ्याशी. तू आपलं कागदावर लिवून दे. मी त्याच्या उशाशी ठेवतो, वाचला तर वाचला." मग मामाच्या शेजारचे धोंडीदादा आठवले, भाजीचा टेम्पो घेऊन पनवेलला येतात ते. कळंबोली सर्कलला त्यांना गाठून हे पाकीट देणार आहे. एका घरातली दोन माणसं आणि मध्ये वांग्यांचा टेम्पो! आई असती तर तिने दोघांनाही लाटण्याने झोडलं असतं.

इकडे सगळं आहे तसंच आहे. लिफ्ट पुन्हा बंद पडलीय. शेजारच्या कुमुदवहिनी रोज विचारतात, "दत्ता कुठे दिसत नाही ग?" मी सांगते, मामाकडे भाताच्या झोडणीला गेलाय. त्यांना काही पटत नाही. तुला विळा कुठल्या बाजूने धरतात हे माहीत नाही, हे आख्ख्या बिल्डिंगला ठाऊक आहे.

मी कामावर जाते, येते, जेवते, झोपते. भात कधी जास्त होतो, कारण हात अजून तिघांचाच टाकतो.

आता कामाचं. तुझ्या निलंबनाबद्दल कंपनीचं पत्र घरी आलंय. शुक्रवारी, ५ डिसेंबरला, सकाळी अकरा वाजता तुझी चौकशी आहे. तू आला नाहीस तर एकतर्फी निकाल लावतील, असं खाली जाड अक्षरात छापलंय. निकाल म्हणजे काय ते तुला मी सांगायला नको. नोकरी जाईल. आणि 'मशीन मारणारा' म्हणून एकदा नाव झालं की एमआयडीसीतल्या दुसऱ्या कुठल्या गेटवर तुला उभं करणार नाहीत. या कंपनीचं कार्ड पहिल्यांदा गळ्यात घातलंस तेव्हा आईने मीठ-मोहरी घेऊन तुझी दृष्ट काढली होती, ते तरी आठव.

मलाही बोलावलंय, त्या यंत्राची इंजिनिअर म्हणून. समितीवर एचआरच्या बाई आहेत, त्या कॉमर्सच्या. त्या म्हणाल्या, "मॅडम, मला कळेल असं सांगा हं." म्हणून तुझ्यावर तालीम करते. तुला सगळं माहीत आहे, तरी ऐक.

आपल्या लाइनवर वेफर्सच्या नि बिस्किटांच्या पुड्यांचं प्लास्टिक छापतात. शाई पातळ व्हावी म्हणून तिच्यात सॉल्व्हंट घालतात. छपाई ओव्हनमध्ये वाळते तेव्हा ते सॉल्व्हंट हवेत उडतं. तसंच धुराड्यातून सोडून दिलं तर ते गावाच्या नाकाडोळ्यांत जातं. म्हणून धुराड्याच्या अलीकडे ते मोठं पत्र्याचं खोकं. त्याच्या आत मधाच्या पोळ्यासारख्या भोकाभोकांच्या विटा, आणि विटांना प्लॅटिनमचा अगदी पातळ मुलामा. तो मुलामा म्हणजे कॅटॅलिस्ट. सॉल्व्हंटची हवा तापवून त्या भोकांतून सोडली की सॉल्व्हंट ज्वाळा न होता तिथल्या तिथे जळतं. मागे उरते वाफ आणि कार्बन डायऑक्साइड, त्यांना वास नाही. कॅटॅलिस्ट स्वतः संपत नाही. तो फक्त जागा देतो.

बाईंना यंत्राचं खरं नाव सांगणार आहे. 'वासखाऊ' सांगितलं तर हसतील. ते नाव आईने ठेवलं, कंपनीच्या कँटीनमध्ये चपात्या लाटता लाटता. "ह्यो आपला वासखाऊ. गावाचा वास खातो नि कुनाकडं काय मागत नाय." मग सगळ्या शॉपफ्लोअरने तेच उचललं, मॅनेजर असून हरेश सरांनीसुद्धा.

सॉल्व्हंट जळलं की उष्णता सुटते. म्हणून हवा आत जाते त्याहून जास्त गरम होऊन बाहेर पडते. आत तीनशे, बाहेर साडेतीनशे. दिवाळीनंतर तो फरक कमी होत गेला. मला आधी वाटलं सेन्सर बिघडला. सेन्सर बदलला. मग एक दिवस आत तीनशे नि बाहेरही तीनशे. आत जेवढं गरम, तेवढंच बाहेर. मी त्या आकड्यांकडे बराच वेळ बघत उभी राहिले. हे मला कुठेतरी माहीत आहे, असं वाटत होतं. मग हरेश सरांना सांगून लाइन बंद केली आणि कॅटॅलिस्टवाल्यांच्या जिब्रानला फोन लावला.

पुढचं तुझ्या डोळ्यांदेखत झालं. पण तू तुझ्या बाजूने पाहिलंस, मी माझ्या बाजूने काय पाहिलं ते सांगते.

जिब्रान खोकं उघडून, विटा तपासून मीटिंगमध्ये आला. म्हणाला, "मुलामा जागेवर आहे, पण वरून झाकला गेलाय. काचेसारखा बारीक थर बसलाय. इथे सिलिकॉनचं काही वापरता का? स्प्रे, पॉलिश?" मग काचेतून त्याने लाइनकडे पाहिलं आणि म्हणाला, "माशाल्ला, मशीन इतनी चमकती कैसे है?"

आणि तू हात वर केलास.

"मी, सर! दसऱ्याला मीच पहिली बाटली आनली. गाडीच्या डॅशबोर्डला मारतात ना, ती." तू हसत होतास. तुला वाटलं तो कुठे मिळते ते विचारणार. त्याला सांगायला तू दुकानाचं नावसुद्धा ओठावर आणलं होतंस, दिसत होतं मला.

जिब्रानचा चेहरा उतरला. हरेश सर म्हणाले, "म्हणजे हे तुझं काम?" तरी तुला कळायला थोडा वेळ लागला. मग तू माझ्याकडे पाहिलंस.

मी चहाच्या कपावरची साय बघत होते. सुरकुती पडत होती तिला. मला काहीतरी वाटायला हवं होतं, बोलायला हवं होतं. मी साय बघत बसले.

तेवढं जाऊ दे. ५ तारखेला ये. अंगावर सदरा धड घालून ये. मामाला नमस्कार, मामीला सांग तिची बरणी परत करायची राहिलीय.

तुझी,
ताई


रोडपाली
रविवार, ३० नोव्हेंबर

दत्तू,

धोंडीदादांनी पिशवी आणून दिली. चिठ्ठी नाही, निरोप नाही, नुसते सुके बोंबील. नागोठण्याच्या बाजारातले असणार. मी विचारलं, "काही म्हणाला का?" धोंडीदादा म्हणाले, "पोरगा बोलतच नाय. पन पिशवी त्यानंच बांधली." मी ती स्वयंपाकघराच्या दारामागे खिळ्याला अडकवली आणि कामाला गेले.

तिसऱ्या दिवशी कुमुदवहिनी नाकाला पदर लावून दारात. "अग दिपा, काय मेलंबिलंय का घरात? जिन्यापर्यंत घमघमाट सुटलाय!" मी म्हटलं, बोंबील आहेत, सॉरी. त्या आत डोकावल्या, पिशवीकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. "तुला येत नाही होय वास?"

मी म्हटलं, नाही.

किती सोपं होतं. इतकी वर्षं कोणाला सांगितलं नाही आणि कुमुदवहिनींना दारात उभ्या उभ्या सांगून टाकलं. आता तुला सांगते. कोविडच्या दुसऱ्या लाटेत मी आजारी पडले होते ना, तेव्हा वास गेला तो परत आलाच नाही. डॉक्टर म्हणाले येईल. मी वाट पाहिली, मग सोडून दिली. जेवण तिखट लागतं, खारट लागतं, गोड लागतं, त्यापलीकडे काही नाही.

फक्त आईला माहीत होतं. तिने लगेच ओळखलं. कढी करपली होती आणि मी शेजारी बसून पेपर वाचत होते. तिने ओरडाआरडा केला नाही. त्या दिवसापासून ती माझं नाक झाली. दूध हुंगून सांगायची, "नासलंय, चहा टाकू नको." माझे कामाचे कपडे हुंगायची, "आज शाईचा वास मारतोय, भिजव." गॅसचं बटण दोनदा बघायची. तुझ्यासमोर कधी बोलली नाही, कारण मीच तिला शपथ घातली होती. वास घालवायच्या यंत्राची इंजिनिअर आणि तिलाच वास येत नाही, हे कंपनीत कळलं असतं तर किती हसले असते सांग. आणि हसून थांबले नसते.

तर आता भाऊबीज.

तू पाटावर बसला होतास. मी ओवाळलं, करंजी पुढे केली. तू करंजी हातात धरून म्हणालास, "ताई, कंपनीचा वास परत येतोय ग गावात. लोकं डोळे चोळतायत. तुला नाय येत?" मी म्हटलं, "नाही."

तू करंजी ताटात ठेवलीस. म्हणालास, "तू साहेब झालीस." आणि उठलास.

दत्तू, मी खोटं बोलले नव्हते. तुला वाटलं मी कंपनीचं बोलतेय. मला खरंच आला नव्हता. मला तर त्या करंजीतल्या वेलचीचाही आला नव्हता. त्या वेळी एवढं म्हटलं असतं तर तू पुन्हा बसला असतास. पण आईशिवायची पहिली भाऊबीज होती आणि मला बोलायचाच कंटाळा आला होता. तू गेल्यावर मी ताट आवरलं. दिवाळीच्या फटाक्यांचा धूर असेल, असं स्वतःशी म्हटलं. दुसऱ्या दिवशी मीटर बघितला, त्यात फरक थोडासाच उतरला होता.

आईच्या तेराव्याला तू म्हणाला होतास, "ताई, तुला काय वाटतच नाय." तेही खरं असेल. आई श्रावणात गेली. तू किती रडलास, मामा रडला, कँटीनच्या बायका भिंतीला डोकं टेकून रडल्या. मी डॉक्टरांशी बोलले, दाखला आणला, मंडपवाल्याला सांगितलं, किती माणसं जेवतील ते मोजलं. सगळे म्हणाले, दिपा खंबीर आहे. खंबीर कसली! मला काही होतच नव्हतं. अजूनही होत नाही. कुणी जोरात बोललं की ऐकू येतं, एवढंच.

मग तू आईच्या कपाटाची किल्ली मागितलीस, गोधडीसाठी एक पातळ हवंय म्हणून. मी दिली नाही. तेव्हाही तू तेच म्हणालास. त्याचं कारण आहे. पण ते आज नको.

आता दसऱ्याचं. हे चौकशीत लागणार आहे म्हणून लिहिते.

दरवर्षी लाइनला हळदीकुंकू आई लावायची. कँटीनमधून हात पुसत यायची, पदर डोक्यावर घ्यायची, छपाईच्या मशीनला, ओव्हनला, शेवटी वासखाऊला. झेंडूचं तोरण तूच बांधायचास. या वर्षी ताट तुझ्या हातात होतं. मी बाजूला उभी होते. तू आधी कापडाने सगळं पुसलंस, मग खिशातून ती पॉलिशची बाटली काढलीस आणि मशीनवर मारत सुटलास. फसफस फसफस. कडेकोपरे, नटबोल्टसुद्धा सोडले नाहीस. मिथुन म्हणाला, "अरे बस कर, लग्नाला न्यायचीय का तिला?" तू म्हणालास, "आई आली असती तर तोंड दिसलं पायजे तिला यात."

वरच्या हुडने तो सगळा फवारा ओढून घेतला आणि वासखाऊकडे पाठवला. हुडचं कामच ते. आपल्या कोणाच्या ध्यानीमनी नव्हतं. तरी एका दिवसाच्या पॉलिशने एवढं झालं नसतं, जिब्रानने स्वतः सांगितलंय.

पूजेला हरेश सर आले. मशीन बघून खूश झाले. तुझ्या पाठीवर थाप मारून म्हणाले, "वा दत्ता! याला म्हणतात मशीन. पुढच्या महिन्यात माल घेणाऱ्या पार्टीचे लोक बघायला येतायत, तोपर्यंत अशीच चकाचक राहिली पाहिजे. सगळ्या लाइनी." मग स्टोअरच्या प्रणितला हाक मारून म्हणाले, "खोकंभर मागव रे ही." मी दोन हातांच्या अंतरावर उभी होते. प्रसादाचा पेढा माझ्या हातात होता. मी ऐकलं.

त्यानंतर रोज पाळी सुटताना सगळे मारायला लागले. सांगितलं होतं ना साहेबांनी.

काल सरांनी मला केबिनमध्ये बोलावलं. "दिपा, रिपोर्टमध्ये ऑपरेटरचा निष्काळजीपणा एवढंच येऊ दे. भाऊ आहे म्हणून तू त्याची बाजू घेतलीस असं लोक बोलतील. तुझ्या भल्यासाठी सांगतो." मी "बरं सर" म्हणाले आणि उठले. जिना उतरताना कळलं की मी "बरं सर" म्हणालेय.

पूजेला ऐकलं ते मी शुक्रवारी बोलणार आहे. तेव्हा बाई विचारतील, गाव महिनाभर ओरडत होतं, तुम्ही रोज तिथे उभ्या असता, तुम्हाला वास आला नाही? आणि मग मला ते पण सांगावं लागेल, कुमुदवहिनींना सांगितलं तसं. त्यानंतर मला त्या यंत्रावर ठेवतील असं वाटत नाही.

तू ये. तू समोर असलास तर मला बोलता येईल. नाहीतर मी पुन्हा साय बघत बसेन, याची मला भीती वाटते. बघ, भीती वाटते असं लिहिलं. म्हणजे काहीतरी वाटतंय.

ताई

ता. क. बोंबील केले. मीठ जास्त झालं. वहिनींना वाटीभर दिले, त्या म्हणाल्या वास छान आलाय.


रोडपाली
रविवार, ७ डिसेंबर

दत्तू,

धोंडीदादांनी सांगितलं. शुक्रवारी तू पहाटे त्यांच्या टेम्पोत बसलास. सदरा इस्त्रीचा होता म्हणाले. सर्कलपर्यंत आलास, टपरीवर चहा घेतलास, कंपनीच्या बसकडे बघत उभा राहिलास, आणि मग म्हणालास, "दादा, मला परत ने." ते म्हणाले, मी लय समजावला. मी रागावले नाही. रागवायला हवं होतं, पण मला फक्त सदरा दिसत राहिला. निळा असणार, आईने घेतलेला.

झालं ते सांगते.

खोलीत एचआरच्या बाई, हरेश सर, प्रणित, आणि जिब्रानला बोलावलं होतं. तुझी खुर्ची रिकामी. हरेश सर खुर्चीकडे बोट दाखवून म्हणाले, "बघा, आलापण नाही. चूक आहे म्हणूनच ना?" बाईंनी लिहून घेतलं.

मग माझी पाळी. मी तुझ्यावर तालीम केली होती तसं सगळं सांगितलं. पोळं, मुलामा, आत तीनशे, बाहेर साडेतीनशे. बाई मान डोलवत होत्या. मग मी म्हटलं, "पॉलिशची पहिली बाटली दत्ताने आणली. त्यानंतरची सगळी हरेश सरांनी मागवली. दसऱ्याला पूजेच्या वेळी त्यांनी प्रणितला सांगितलं, तेव्हा मी शेजारी होते." माझा आवाज कसा होता सांगू? स्टेशनवर गाडी उशिरा येणार म्हणून सांगतात, तसा.

हरेश सर म्हणाले, "मी चमक राहू दे म्हणालो. पॉलिश मारा असं म्हणालो नाही."

"मग चमक कशाने राहणार होती, सर?" हे मी नाही, जिब्रान बोलला. आणि पुढे म्हणाला, "मॅडम, हा पोरगा सिलिकॉन ओळखणार कसा? इथे सिलिकॉन चालत नाही, हे फ्लोअरवर कुणी कुणाला सांगितलंय का, तेवढं विचारा." बाईंनी विचारलं. कुणीच सांगितलं नव्हतं. मग बाईंनी प्रणितकडे पाहिलं. प्रणित खाली बघत म्हणाला, "हो, सरांनीच सांगितलं होतं मागवायला." बिचाऱ्याच्या कपाळावर घाम आला होता.

आणि मग तो प्रश्न आलाच. बाईंनी नाही, हरेश सरांनी विचारला. "दिपा, गाव ओरडत होतं ना? तू रोज चार वेळा त्या धुराड्याखाली जातेस. तुला वास आला नाही? की भाऊ अडकेल म्हणून गप्प बसलीस?"

मी म्हटलं, "मला वास येत नाही, सर. कोविडपासून. कशाचाच नाही."

बाईंचं पेन थांबलं. मला वाटलं होतं हसतील. कोणी हसलं नाही.

निकाल असा. तुझं निलंबन मागे. काल त्यांचं पत्र आलं. १५ तारखेला, सोमवारी, तू रुजू व्हायचंस. पॉलिश, स्प्रे सगळं शॉपफ्लोअरवर बंद, मराठीत बोर्ड लावणार आहेत. हरेश सरांना हेड ऑफिसमधून बोलावणं आलंय, त्यांचं पुढे काय होईल ते माहीत नाही आणि मला त्याचं काही सुखही नाही. मला वासखाऊवरून काढलं. स्टोअरमध्ये खरेदीवर बसवलंय, प्रणितच्या शेजारी. बाई म्हणाल्या, "ही शिक्षा नाही हं मॅडम." असेल. नसेल. मला तिथे खिडकी आहे.

नवं पोळं पुढच्या आठवड्यात येतंय. जुनं धुऊन बघितलं जिब्रानने, त्या थरावर काही चालत नाही म्हणतो. मी त्यातली एक वीट हातात घेऊन पाहिली. काही झालंय असं दिसत नाही रे. एकही भोक बुजलेलं नाही, कुठे तडा नाही. तापवली तर तापते. फक्त तिच्यावर काही जळत नाही. मी तिला परत खोक्यात ठेवली आणि जेवायला गेले.

नवं सुरू करताना तू तिथे असशील, मी नसेन. आत-बाहेरचा फरक किती पडतो ते मला येऊन सांग. गेटवर गावातली माणसं भेटतील, तोंड चुकवू नको. विचारतील, त्यांना सरळ सांग काय झालं ते. त्यांनी सोसलंय, त्यांना विचारायचा हक्क आहे.

आता राहिलेलं.

कपाटाची किल्ली या पाकिटात आहे. चाचपून बघ, कोपऱ्यात आहे. नीट घे, धोंडीदादांच्या भाजीत पडायला नको.

मी तुला ती दिली नाही कारण आई गेली त्या दिवसापासून तिची पातळं होती तशी आत आहेत. धुतलेली, नेसलेली, एकदाच नेसून दांडीवर टाकलेली, सगळी मी उचलली, आत ठेवली आणि दार लावलं. कँटीनमधली कोणीतरी म्हणाली होती, माणसाचा वास कपड्यात राहतो, उघडझाप केली की उडून जातो. माझ्या काय कामाचा होता तो वास? मी त्यात तोंड खुपसलं असतं तरी मला नुसतं सुती कापड लागलं असतं. पण तुला येतो. म्हणून म्हटलं राहू दे बंद, दत्तूला कधीतरी लागेल. हे तेराव्याला म्हणायला हवं होतं. तू गोधडी म्हणालास, मी "नाही" म्हणाले. मला त्या दिवसांत तो एकच शब्द येत होता.

मला आईची आठवण येते, दत्तू. इतके महिने हे वाक्य मी बोलले नव्हते, लिहिलंही नव्हतं. आता लिहून परत वाचलं. रडू आलं नाही. पण खाली पुढचं लिहायला थोडा वेळ गेला.

तू ये. कपाट तू उघड. मी तुझ्या मागे उभी राहीन. तू पातळ हातात घे आणि सांग. भाऊबीजेला तू "येतोय" म्हणालास आणि मी "नाही" म्हणाले. या वेळी तू म्हणशील तेच. तुला येत असला तर आहे. आणि नसलाच, तर तसंही सांग मला.

पण लगेच नको सांगूस.

दूध हुंगून द्यायला आता घरात तुझ्याशिवाय कोणी नाही, ती

तुझी ताई